सोळा हजार प्रोसेसर आणि पाच शब्दांचे वाक्य

मराठी शाळेत व्याकरणाच्या तासाला वाक्यपृथक्करण केलेल्या प्रत्येकाला फळ्यावरचा तो तक्ता आठवत असेल. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेय, विधेयविस्तार असे रकाने आखलेले असत आणि वाक्यातला कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे हे ओळखून प्रत्येकाला त्याच्या रकान्यात बसवायचे असे. संगणकशास्त्रात याच कामाला पार्सिंग म्हणतात. भाषांतर करायचे असो, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे असो किंवा बोललेले लिहून घ्यायचे असो, कोणी काय केले आणि कोणाला केले हे यंत्राला वाक्याच्या बांधणीवरूनच कळू शकते, म्हणून या कामाचे महत्त्व. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत काही संशोधकांनी हे काम एका प्रोसेसरकडून काढून घेऊन एकाच वेळी चालणाऱ्या हजारो प्रोसेसरांकडे सोपवून पाहिले. पाच-दहा शब्दांच्या वाक्यासाठी हजारो प्रोसेसर ही वरवर पाहता तोफेने चिमणी मारण्याची तऱ्हा वाटते. ती तशी का नाही, आणि इतके प्रोसेसर हाताशी असूनही काम आपोआप का उरकत नाही, हे या लेखात पाहू.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते समजून घेतले पाहिजे. 'मी जुने पुस्तकांचे दुकान पाहिले' आणि 'मी जुन्या पुस्तकांचे दुकान पाहिले' या दोन वाक्यांत मराठी आपल्याला संदिग्ध ठेवत नाही. पहिल्यात दुकान जुने आहे, दुसऱ्यात पुस्तके जुनी आहेत, आणि हा फरक 'जुने' व 'जुन्या' या रूपांतूनच कळतो, कारण विशेषणाचे रूप ज्या नामाशी ते बांधलेले आहे त्याप्रमाणे बदलते. आता दुकानाला सप्तमीचा प्रत्यय लावा आणि म्हणा, 'मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो.' प्रत्यय लागताच 'दुकान'चेही सामान्यरूप झाले, 'जुन्या' हे रूप दोन्ही नामांना चालू लागले आणि जुने काय, पुस्तके की दुकान, हे वाक्यावरून सांगता येईनासे झाले. एका 'त'ने वाक्याला दोन अर्थ मिळाले. ऐकणाऱ्याला हे बहुधा लक्षातही येत नाही, कारण तो संदर्भावरून एक अर्थ धरून पुढे गेलेला असतो. यंत्राला मात्र दोन्ही शक्यता जवळ ठेवाव्या लागतात.

दोन शक्यता ही क्षुल्लक गोष्ट आहे, पण वाक्य लांबत गेले की शक्यतांची संख्या ज्या वेगाने फुगते तो वेग क्षुल्लक नाही. व्याकरणाचा कोणताही नियम न लावता, शब्दांचा क्रम कायम ठेवून, शेजारच्या दोन-दोन गटांना कंसांत बांधत जायचे ठरवले तर तीन शब्दांना २ प्रकारे कंस घालता येतात, चार शब्दांना ५ प्रकारे आणि पाच शब्दांना १४ प्रकारे. अकरा शब्दांपाशी ही संख्या १६,७९६ होते आणि वीस शब्दांपाशी १,७६,७२,६३,१९० म्हणजे जवळजवळ १७७ कोटी होते. गणितात या आकड्यांना कॅटलान संख्या म्हणतात. व्याकरणाचे नियम लावल्यावर यांतले बहुतेक प्रकार बाद होतात हे खरे, पण बाद करण्यासाठी तरी त्यांच्याकडे पाहावे लागते. त्यामुळे 'प्रत्येक शक्यतेला एक प्रोसेसर देऊ' ही सहज सुचणारी युक्ती सोळा हजार प्रोसेसर असले तरी बाराव्या शब्दापर्यंतही पोहोचत नाही.

एकाच प्रोसेसरवर या फुगवट्याला आवर घालण्याची पद्धत १९६० च्या दशकातच सापडली होती. जॉन कॉक, डॅनियल यंगर आणि तादाओ कासामी या तिघांनी ती स्वतंत्रपणे शोधली, म्हणून तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला सीवायके म्हणतात. तिचे मर्म असे की वाक्याच्या एखाद्या तुकड्याची फोड एकदा केली की ती तक्त्यात लिहून ठेवायची आणि मोठ्या तुकड्याची फोड करताना तीच वापरायची. 'पुस्तकांच्या दुकानात' हा नामसमूह आहे हे एकदा नोंदले की त्याला पुन्हा कोणी हात लावायचा नाही. वीस शब्दांच्या वाक्यात सलग शब्दांचे एकूण तुकडे २१० असतात, तेव्हा तक्ताही २१० खणांचा. १७७ कोटी झाडांचा, म्हणजे कंस घालण्याच्या तितक्या प्रकारांचा, पसारा २१० खणांत मावतो आणि लागणारा वेळ वाक्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लांबी दुप्पट झाली की काम आठपट होते.

हा तक्ता अनेक प्रोसेसरांना वाटून द्यावा हे ओघानेच आले. एस. राव कोसराजू यांनी १९७५ साली दाखवले की प्रोसेसरांची चौकोनी जाळी मांडली तर हे काम लांबीच्या घनाऐवजी नुसत्या लांबीच्या प्रमाणात होते. वीस शब्दांना ८,००० पायऱ्यांऐवजी विसाच्या आसपास पायऱ्या, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण त्याहून खाली उतरणे जड जाते, आणि त्याचे कारण उकडीचे मोदक करणाऱ्या कोणत्याही घरात समजेल. सारण ढवळायला एक जण आणि उकड काढायला दुसरी असे काम वाटता येते, पारी वळायला दहा हात लावता येतात, पण उकड निघाल्याशिवाय पारी वळता येत नाही आणि पारी भरल्याशिवाय मोदक चाळणीत जात नाही. सीवायकेच्या तक्त्यात दोन शब्दांचे सगळे तुकडे एकदम तपासता येतात. तीन शब्दांच्या तुकड्यांना मात्र दोन शब्दांचे निकाल हाती येईपर्यंत थांबावे लागते, चार शब्दांच्या तुकड्यांना तीन शब्दांच्या निकालांपर्यंत, आणि असेच पुढे. वीस शब्दांच्या वाक्यात दोन शब्दांचे तुकडे १९ असतात, तीन शब्दांचे १८, आणि शेवटच्या पायरीला एकच खण उरतो. बाकीचे प्रोसेसर त्या वेळी हातावर हात ठेवून बसलेले असतात. सिद्धान्त म्हणून ही अडचणही ओलांडता येते. वॉल्टर रुझो यांनी १९८० मध्ये दाखवलेल्या मार्गाने पायऱ्या आणखी पुष्कळ कमी होतात, मात्र त्याला लांबीच्या सहाव्या घाताइतके प्रोसेसर लागतात, म्हणजे वीस शब्दांना ६ कोटी ४० लाख. कागदावर याला काही हरकत नाही.

प्रत्यक्षात मिळणारी यंत्रे कशी होती हे आता पाहू. डॅनी हिलिस यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या थिंकिंग मशीन्स या कंपनीने कनेक्शन मशीन नावाचा संगणक बांधला. त्यात ६५,५३६ प्रोसेसर होते. प्रत्येक प्रोसेसर एका वेळी एकाच बिटवर, म्हणजे एका ० किंवा १ वर, काम करी आणि त्याच्या वाट्याला ४,०९६ बिट इतकीच स्मृती येई, जिच्यात या लेखाचा एक परिच्छेदही मावला नसता. (भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत या यंत्रातील संदेशवहनाच्या व्यवस्थेवर काम केले होते.) कॅलिफोर्नियातील मासपार या कंपनीने १९९० मध्ये एमपी-१ हे यंत्र बाजारात आणले. त्यात जास्तीत जास्त १६,३८४ प्रोसेसर १२८ गुणिले १२८ अशा जाळीत मांडलेले असत आणि प्रत्येक जण एका वेळी चार बिट हाताळी. पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली तयार झालेला परम ८००० हाही समांतर संगणकच होता, पण त्याची जातकुळी वेगळी. त्यात मोजकेच, पण स्वतंत्रपणे आपापली आज्ञावली चालवू शकणारे ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर जोडलेले होते.

हा फरक लेझीमच्या उदाहरणाने चांगला कळतो. लेझीम पथकात शंभर मुले असली तरी ठेका एकच असतो. हलगी वाजली की सगळ्यांनी एकच हालचाल करायची. एखाद्याला ती हालचाल करायची नसेल तर तो जागेवर स्तब्ध उभा राहू शकतो, वेगळी हालचाल करू शकत नाही. कनेक्शन मशीन आणि एमपी-१ ही अशी पथके होती. एक नियंत्रक एक आज्ञा देई आणि हजारो प्रोसेसर आपापल्या स्मृतीतल्या वेगवेगळ्या आकड्यांवर तीच आज्ञा बजावत. परमचे प्रोसेसर त्या मानाने भजनी मंडळातल्या वादकांसारखे होते, प्रत्येकाचे वाद्य निराळे. प्रोसेसर हजारोंच्या संख्येने स्वस्तात मिळवायचे तर लेझीमच परवडते, कारण आज्ञा समजून घेण्याची यंत्रणा एकदाच बांधावी लागते. पण मग पार्सिंगही असे मांडावे लागते की प्रत्येकाच्या वाट्याला सारखे, चिमुकले आणि शेजाऱ्यावर न अडणारे काम येईल. सीवायकेच्या तक्त्यात तसे होत नाही हे आपण पाहिलेच.

ते काम ज्या मांडणीने साधले ती जपानमधून आली. आयबीएमच्या टोकियो येथील प्रयोगशाळेतील हिरोशी मारुयामा यांनी १९९० मध्ये एक व्याकरणपद्धती मांडली, जिला मराठीत निर्बंधांचे अवलंबन-व्याकरण म्हणता येईल. जपानी भाषेत मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि कर्ता-कर्म यांची जागा बरीच सैल असते, म्हणून 'आधी हा गट, मग तो गट' असे नियम तिथे नीट लागू पडत नाहीत. मारुयामा यांनी गट बांधणेच सोडून दिले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक शब्दाने फक्त दोन गोष्टी सांगायच्या : मी कोणत्या शब्दावर अवलंबून आहे आणि कोणत्या नात्याने. सुरुवातीला प्रत्येक शब्दाच्या नावे सगळ्या शक्यता लिहून ठेवायच्या आणि मग नियम लावून एकेक पुसत जायचे. म्हणजे इथे झाड खालून वर बांधायचे नसते. शिल्पकार जसा नको तो दगड काढून टाकतो तसे नको ते संबंध काढून टाकायचे असतात.

हे जवळून पाहण्यासाठी एक तीन शब्दांचे वाक्य घेऊ : 'मांजर उंदीर खाते.' ('खाते' हे बँकेतलेही असू शकते, हा विचार यंत्राच्या मनात येतोच. तूर्त ते क्रियापद आहे असे धरू.) 'मांजर' आणि 'उंदीर' या दोन्ही नामांना प्रत्यय नाही, त्यामुळे दोघांच्याही नावे 'खाते'चा कर्ता आणि 'खाते'चे कर्म अशा दोन-दोन शक्यता लिहिलेल्या आहेत. शब्दांच्या क्रमावर विसंबून चालणार नाही, कारण 'उंदीर मांजर खाते' असेही आपण म्हणतो आणि त्यातही उंदरालाच जीव गमवावा लागतो. आता पहिला नियम : प्रत्यय नसलेला कर्ता वर्तमानकाळी क्रियापदाशी लिंगाने जुळला पाहिजे. मांजर नपुंसकलिंगी आहे, ते 'खाते'शी जुळते. उंदीर पुल्लिंगी आहे, तो कर्ता असता तर क्रियापद 'खातो' झाले असते. तेव्हा 'उंदीर : कर्ता' ही शक्यता पुसली जाते. इथवर नियमाने एका वेळी एकच संबंध पाहिला.

दुसऱ्या प्रकारचे नियम दोन संबंध जोडीने पाहतात. त्यासाठी 'मांजर'च्या शक्यता ओळींत आणि 'उंदीर'च्या शक्यता रकान्यांत ठेवून एक छोटा तक्ता करतात. ती जोडी चालत असेल तर त्या खणात १, चालत नसेल तर ०. पहिल्या नियमाने 'उंदीर : कर्ता' हा रकाना आधीच गेला आहे, म्हणून खण दोनच उरले : मांजर कर्ता व उंदीर कर्म हा एक, आणि मांजर कर्म व उंदीरही कर्म हा दुसरा. 'या क्रियापदाला एकच कर्म' असा नियम लावला की दुसऱ्या खणात ० येतो. आता 'मांजर : कर्म' या ओळीत एकही १ उरला नाही, म्हणजे ही शक्यता खरी धरली तर उंदराने काय व्हावे याला उत्तरच नाही. म्हणून ती सबंध ओळ बाद. उरले ते एकच : मांजर कर्ता, उंदीर कर्म.

या मांडणीत समांतरतेला वाव कुठे आहे हे आता दिसू लागेल. कोणत्याही एका खणातला ० किंवा १ ठरवताना दुसऱ्या खणात काय आहे हे पाहावे लागत नाही. तेव्हा प्रत्येक खणाला एक प्रोसेसर द्यावा, नियंत्रकाने एकेक नियम सगळ्यांना ऐकवावा आणि सगळ्यांनी एकाच ठोक्याला तो आपापल्या खणावर लावून पाहावा. हे तर लेझीमच झाले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात रँडल हेल्झरमन आणि मेरी हार्पर यांनी १९९२ मध्ये नेमके हेच मासपार एमपी-१ वर करून दाखवले आणि त्या पार्सरला पार्सेक असे नाव दिले.

खण किती लागतात ते मोजू. वाक्यात दहा शब्द असतील आणि प्रत्येकाला ढोबळमानाने दहा जागा निवडता येत असतील तर एकूण शंभर शक्यता झाल्या. प्रत्येक शक्यतेची प्रत्येकीशी जोडी तपासायची तर १०,००० खण. म्हणजे खण वाक्याच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतात. अकरा शब्दांना १४,६४१ आणि बारा शब्दांना २०,७३६. एमपी-१ चे १६,३८४ प्रोसेसर अकराव्या शब्दापर्यंतच पुरतात, आणि तेही नात्यांची नावे हिशेबात न धरता. 'पाच-दहा शब्दांसाठी हजारो प्रोसेसर कशाला' या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. वाक्य मोठे झाले तर एकाच प्रोसेसरला दोन-तीन खण सांभाळावे लागतात आणि वेळ त्या हिशेबाने वाढतो.

एक गोष्ट मात्र प्रोसेसरांना एकट्याने करता येत नाही. आपल्या ओळीत एक तरी १ शिल्लक आहे का, हे ठरवायला त्यांना एकमेकांना विचारावे लागते. एकाने उठून सगळ्यांना विचारत फिरायचे ठरवले तर हजारो प्रोसेसर असूनही रांग लागेल. त्याऐवजी ते कुस्तीच्या बाद फेऱ्यांसारखे जोड्या लावतात. प्रत्येक जोडीत कोणाकडे १ असेल तर जोडीचा निकाल १, आणि मग निकालांच्या जोड्या. १६ खणांच्या ओळीचा निकाल ४ फेऱ्यांत लागतो, १,०२४ खणांचा १० फेऱ्यांत आणि एमपी-१ च्या सगळ्या प्रोसेसरांना एकत्र विचारायचे झाले तरी १४ फेऱ्या पुरतात. फेऱ्यांची ही संख्या म्हणजेच लॉगॅरिदम. म्हणून हेल्झरमन आणि हार्पर यांना म्हणता आले की पुरेसे प्रोसेसर असतील तर त्यांच्या पार्सरला लागणारा वेळ म्हणजे नियमांची संख्या आणि लांबीचा लॉगॅरिदम यांची बेरीज. एकट्या प्रोसेसरला याच कामासाठी नियमांची संख्या गुणिले लांबीचा चौथा घात इतका वेळ लागतो. गुणाकाराच्या जागी बेरीज आली, यात या पद्धतीची सगळी करामत आहे.

पण या हिशेबात एक फट आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. 'मांजर : कर्म' ही शक्यता बाद झाल्यावर आणखी कोणाची तरी ओळ रिकामी पडू शकते, ती बाद झाल्यावर आणखी कोणाची, आणि उभ्या केलेल्या पत्त्यांच्या रांगेसारखे हे लोण पुढे पुढे जाऊ शकते. दहावा पत्ता पडण्याआधी नववा पडावाच लागतो, तिथे कितीही प्रोसेसर आणले तरी उपयोग नाही. सायमन कासिफ यांनी १९९० मध्ये सिद्ध केले की अशा टप्प्याटप्प्याने पुसण्याची समस्या ज्या वर्गात मोडते त्या वर्गातील समस्या समांतर संगणकाला मुळातच फारशी दाद देत नाहीत असे तज्ज्ञ मानतात. पार्सेकच्या कर्त्यांनी यातून व्यवहारी वाट काढली. माणसांच्या भाषेतील वाक्यांत हे लोण फार लांब जात नाही, थोडक्याच फेऱ्यांत ते शांत होते असे त्यांना आढळले, म्हणून फेऱ्यांची संख्या त्यांनी बांधून घेतली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. गणितात वाईटात वाईट वाक्याचा विचार करावा लागतो. बोलणारा माणूस समोरच्याला समजावे म्हणून बोलत असतो, तेव्हा तो तसले वाक्य सहसा रचतच नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. नियम एकामागून एक ऐकवले जात, त्यामुळे नियम दुप्पट झाले की तो भागही दुप्पट होई. प्रयोगशाळेतल्या छोट्या व्याकरणाला हे चालून जाते, पण वर्तमानपत्रातली इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी सोडवू पाहणारे व्याकरण फार मोठे असते. १९९० च्या दशकात हाताने नियम लिहिण्याऐवजी, आधी माणसांनी फोड करून ठेवलेल्या हजारो वाक्यांवरून संभाव्यता शिकण्याची पद्धत रूढ झाली आणि साधे प्रोसेसरही दर दोन-तीन वर्षांनी वेगवान होत गेले. महाग आणि आगळीवेगळी यंत्रे मागे पडली. थिंकिंग मशीन्सने १९९४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

या सगळ्यात पुण्याचा एक धागा आहे. १९२९ साली पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी यांनी पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करताना १९७५ मध्ये सहकाऱ्यांसह वृक्ष-संयोजी व्याकरण मांडले. त्यात शब्दांऐवजी वाक्यांची छोटी छोटी झाडेच हाताशी घेतात आणि एका झाडाच्या पोटात दुसरे झाड बसवतात. ही पद्धत सीवायकेच्या व्याकरणापेक्षा सामर्थ्यवान आहे, पण महागही आहे. तिला लागणारा वेळ लांबीच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे वाक्य दुप्पट झाले की काम ६४ पट. मायकेल पालिस, सुनील शेंडे आणि डेव्हिड वेई यांनी १९९० मध्ये सिद्ध केले की प्रोसेसरांची पाच मितींची जाळी मांडली तर हेही काम लांबीच्या प्रमाणात होते. वीस शब्दांसाठी अशा जाळीत ३२ लाख प्रोसेसर लागतील. जोशी यांचे व्याकरण एरवी भारतात कामाला लागले ते सी-डॅकच्या मंत्र या अनुवादप्रणालीत, जी सरकारी इंग्रजी मजकुराचे हिंदीत भाषांतर करण्यासाठी बनवली गेली.

हजारो प्रोसेसर परत आले ते अनपेक्षित दिशेने, व्हिडिओ गेम रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डांतून. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या ज्या कार्डासाठी गेमर पैसे साठवत त्या एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० मध्ये नेमकी १६,३८४ गणनाकेंद्रे आहेत, एमपी-१ मध्ये होती तितकीच. हा निव्वळ योगायोग आहे, आणि तुलनाही तिथेच थांबते. एमपी-१ चे घड्याळ १२.५ मेगाहर्ट्झचे होते, या कार्डाचे अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे दोनशेपट. शिवाय इथे चार बिटांऐवजी पूर्ण दशांशी संख्या हाताळल्या जातात. लेझीमचा ठेका मात्र तोच आहे. कार्डावर ३२-३२ च्या तुकड्या एकाच आज्ञेवर चालतात आणि तुकडीतल्या काहींना एक काम व काहींना दुसरे काम पडले तर अर्धी तुकडी उभी राहते.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन कॅनी, डेव्हिड हॉल आणि डॅन क्लाइन यांनी २०१३ मध्ये या कार्डांवर सीवायकेच्या घराण्यातला पार्सर चालवला. त्यांनी समांतरता नव्या ठिकाणी शोधली. व्याकरणात असंख्य नियम आहेत ही पार्सेकच्या दृष्टीने अडचण होती, इथे तेच काम पुरवणारे कोठार ठरले. शिवाय एकच वाक्य घेऊन बसण्याऐवजी शेकडो वाक्ये एकदम यंत्रात सोडली, म्हणजे एका वाक्याचा तक्ता शेवटच्या खणापाशी आला तरी बाकीच्या वाक्यांमुळे प्रोसेसर रिकामे राहत नाहीत. यात एक गंमत अशी झाली की एरवी सगळे जण करतात ती काटछाट इथे अंगलट येऊ शकते. 'ही शक्यता सोडून द्या' असे म्हटल्याने एकट्या प्रोसेसरचा वेळ वाचतो. तुकडीतल्या प्रत्येकाने वेगवेगळी शक्यता सोडली तर सगळी तुकडीच खोळंबते. पुढच्याच वर्षी क्लाइन आणि हॉल यांच्या गटाने नियमांचे असे गट पाडले की काटछाट झाली तर अख्ख्या गटाची व्हावी.

आज बहुतेक भाषिक यंत्रणा ज्यावर उभ्या आहेत त्या ट्रान्सफॉर्मरची रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. त्याआधीची प्रचलित रचना वाक्य डावीकडून उजवीकडे एकेक शब्द वाचत असे, म्हणजे विसावा शब्द एकोणिसाव्यासाठी खोळंबलेला. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रत्येक शब्द बाकीच्या प्रत्येक शब्दाकडे एकाच वेळी पाहतो आणि कोणाकडे किती लक्ष द्यायचे याचे आकडे तक्त्यात भरतो. असे तक्ते एकामागून एक थरांत भरले जातात. हे थर ठरावीक असतात, वाक्य लांबले म्हणून वाढत नाहीत. मूळ रचनेत वाक्य वाचणाऱ्या भागात ते सहा होते आणि लिहिणाऱ्या भागातही सहा. त्या पहिल्या निबंधातच इंग्रजी वाक्यांच्या पार्सिंगवरही ही रचना तपासून पाहिली होती. मारुयामा यांच्या ० आणि १ च्या तक्त्यांशी या तक्त्यांचा थेट वारसा नाही, तरीही 'शब्दांच्या सगळ्या जोड्या एकदम मांडा आणि थोडक्याच फेऱ्या करा' हा विचार दोन्हीकडे आहे, आणि मला वाटते तो तसा असण्याचे कारण भाषेपेक्षा यंत्रांत अधिक आहे. समांतर यंत्राला एवढीच गोष्ट खरोखर चांगली जमते. हीच यंत्रणा उत्तर लिहायला बसली की मात्र पुन्हा एकेक शब्द लिहिते, कारण पुढचा शब्द मागच्यावर अवलंबून असतो.

राहिले ते आपले पाच शब्दांचे वाक्य. 'मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो' हे पार्सेकच्या पद्धतीने सोडवले तर 'गेलो' मुख्य क्रियापद ठरते, 'मी' आणि 'दुकानात' त्याला जोडले जातात, 'पुस्तकांच्या' दुकानाला जोडले जाते आणि 'जुन्या'च्या नावे दोन शक्यता शिल्लक राहतात. सगळे नियम संपले, सगळ्या फेऱ्या झाल्या, तरी त्या दोन्ही खणांत १ च असतो. पार्सर यांतली एक शक्यता मनाने निवडत नाही, दोन्ही तशाच जाळ्यात ठेवून देतो, आणि त्यामुळे नंतर जास्तीची माहिती मिळाली तर काम पहिल्यापासून करावे लागत नाही. हार्पर यांच्या गटाने ही पद्धत पुढे बोललेल्या भाषेकडे नेली. बोलताना आपण 'जुन्या' म्हणून क्षणभर थांबलो आणि मग 'पुस्तकांच्या दुकानात' असे एका दमात म्हटले तर ऐकणारा दुकानच जुने धरतो. 'मधे विराम असेल तर विशेषण लगतच्या नामाला जोडू नये' असा एक नियम लिहून तो पथकाला ऐकवला की 'जुन्या'पासून 'पुस्तकांच्या'कडे जाणारी शक्यता पुसली जाते.